पानांचे रंग पाहा, पण दमाने

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात खोकला-तापाच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊ लागतो. ‘डॉक्टर, काश्मीरला जायचं म्हणतोय. चिनारची लाल पानं बघायचीत, चार फोटो काढायचेत. जाऊ ना?’ विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे असतात. मुले मार्गी लागलेली असतात, पण आता रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी रोजची झालेली असते. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत उत्साह असतो आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या चेहऱ्यावर काळजी. माझे उत्तर बहुतेक वेळा ‘जरूर जा’ असेच असते. मात्र त्याच्यापुढे एक ‘पण’ असतो. आजचा लेख त्या ‘पण’विषयी.

रंग येतो कसा?

काश्मीरमध्ये शरद ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत श्रीनगर परिसरातील चिनार रंगात आलेले असतात. आधी हिरव्याचे पिवळे, मग नारिंगी, मग तांबडे आणि शेवटी तपकिरी.

यामागचे कारण सोपे आहे. पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. दिवस लहान झाले, गारवा वाढला की झाड हे हरितद्रव्य मोडून त्यातील उपयोगी घटक फांदीत ओढून घेते. हिरवा पडदा बाजूला झाला की पानात आधीपासूनच असलेले पिवळे-नारिंगी द्रव्य दिसू लागते. गाजराला आणि पपईला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचे हे द्रव्य. लाल रंगाचे मात्र वेगळे आहे. तो नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी असली की पानात साखर साठते आणि तिच्यापासून लाल द्रव्य बनते. आपल्या कोकमाचा आणि जांभळाचा रंग याच कुळातला. पुढे देठाशी बुचासारखा थर तयार होतो आणि पान गळते.

थोडक्यात, हे सारे हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत घडते. झाडाला घाई नसते. घाई असते ती पाच दिवसांत सहा ठिकाणे उरकणाऱ्या आपल्याला, आणि दुखणे नेमके तिथेच सुरू होते.

चिनार खाली, बर्फ वर

लाल पाने डोंगरात फार उंचावर असतील असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. चिनार हे मुख्यतः खोऱ्यातले झाड आहे. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जेमतेम दोनशे मीटरने जास्त. जहांगीरने १६१९ मध्ये वसवलेली शालिमार बाग, नूरजहानचा भाऊ असफ खान याची निशात बाग, काश्मीर विद्यापीठाच्या आवारातील नसीम बाग आणि दल सरोवरातील चार चिनारी बेट ही सगळी ठिकाणे याच उंचीवर आहेत. प्रकृती स्थिर असलेल्या बहुतेकांना ही उंची सहज मानवते.

गडबड होते ती दुसऱ्या दिवशी. सहलीच्या कार्यक्रमात गुलमर्ग असतेच. ते सुमारे २६५० मीटरवर आहे. तेथून दोरवाटेचा पहिला टप्पा तीन हजार मीटरच्या वर नेतो आणि दुसरा अफरवाटच्या बाजूला जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत. तिथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण तीन-पंचमांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढ्याच प्रमाणात कमी. सकाळी श्रीनगरला न्याहारी करणारा माणूस दुपारी तिथे उभा असतो. पायी चढला असता तर धाप लागून शरीराने वेळीच थांबवले असते. पाळण्यात बसल्यावर शरीराला ती सूचना देण्याची संधीच मिळत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची बायपास झालेली आहे. काश्मीरचे ठरल्यावर ते आणि काकू कार्यक्रमाचा कागद घेऊन आले. मी दोरवाटेच्या दुसऱ्या टप्प्यावर काट मारली. काका हिरमुसले. ‘एवढं लांब जायचं आणि वर नाही जायचं?’ मी विचारले, ‘काका, तुम्ही पानं बघायला चाललात ना? वर पानं नाहीत, नुसते दगड आणि बर्फ आहे.’ काकू म्हणाल्या, ‘तेवढा वेळ आपण बागेत बसू हो.’ आणि तसेच केले त्यांनी. मंडळी गुलमर्गला गेली त्या दिवशी हे दोघे निशात बागेत दुपारभर बसले. परतल्यावर फोटो दाखवायला आले. बाकीच्यांचे फोटो बर्फात उभे राहून काढलेले, जे सगळ्यांकडे असतात तसलेच. काकूंनी काढलेल्या एका फोटोत काका बाकावर बसलेले, मांडीवर तळहाताएवढे पान, आणि मागून ऊन आलेले. तो त्यांनी चौकटीत लावून घेतला आहे.

ही लक्षणे ओळखा

साधारण २५०० मीटरच्या वर गेल्यावर काही तासांनी डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे आणि झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे आहेत. हा त्रास तरुण आणि धट्ट्याकट्ट्या माणसालाही होतो. नियम तीनच आहेत. त्रास असेल तर आणखी वर जाऊ नये. विश्रांतीने उतार पडत नसेल तर खाली यावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना झोक जाणे किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास रात्र असो वा दिवस, लगेच खाली उतरवावे आणि रुग्णालय गाठावे. अशा वेळी ‘सकाळी बघू’ हे वाक्य जिवावर बेतू शकते.

छातीत दाब किंवा कळ आली तर ती गॅसची समजून सोडा पिऊ नये. हृदयविकार, अलीकडे बसवलेला स्टेंट, जुना दमा, तीव्र रक्तक्षय किंवा गर्भारपण असेल त्यांनी उंच टप्प्यांविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. उंचीच्या त्रासावरची गोळी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे.

थंडी, शेगडी आणि बंद खोली

ऑक्टोबरच्या अखेरीस श्रीनगरला दिवसा ऊन छान असते, पण रात्री पारा पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे पहाटेच्या प्रकाशात फोटो काढण्याच्या नादात पातळ शर्टावर बाहेर पडू नये. एका जाड कोटापेक्षा अंगावर दोन-तीन थर बरे. कानटोपीची लाज बाळगू नये.

गळलेल्या चिनारच्या पानांचे एक काम फार जणांना ठाऊक नसते. काश्मिरी बायका ती पाने गोळा करून जाळतात आणि त्यांचा कोळसा कांगडीत घालतात. कांगडी म्हणजे वेताच्या विणकामात बसवलेले मातीचे भांडे. काश्मिरी माणूस ते अंगरख्याच्या आत घेऊन शेकतो. वर्षानुवर्षे एकाच जागी शेक बसल्याने पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला होणारा कर्करोग तिथल्या डॉक्टरांना दीडशे वर्षांपासून माहीत आहे. श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट नीव्ह यांनी १९२३ मध्ये त्यावर लिहिले होते. चार दिवस शेकणाऱ्या पर्यटकाला कर्करोगाची भीती नाही. त्याला भीती आहे ती धुराची.

कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर खिडक्या बंद करून रात्रभर चालू ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस समजतो की उंचीचा त्रास झाला. एक खूण लक्षात ठेवा. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी दार उघडा आणि सगळे बाहेर या. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर ठेवा, हीटर बंद करा. बाथरूममधल्या गॅसच्या गिझरलाही हाच नियम लागू आहे.

फोटो काढताना

फोटो काढायला माझा विरोध नाही. उलट, फोटोसाठी माणूस थांबतो, नीट बघतो आणि तेवढाच श्वासही घेतो. फक्त पाय कुठे आहेत याचे भान हवे.

दव पडलेल्या पानांचा थर साबणासारखा निसरडा असतो आणि त्याखालची पायरी दिसत नाही. निशात बाग तर बारा टप्प्यांची आहे. घसरताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते. म्हणून चालायचे असेल तेव्हा चाला, फोटो काढायचा तेव्हा उभे राहा. दोन्ही एकदम नको. सगळी मंडळी चौकटीत बसावीत म्हणून उलट्या पावली मागे सरकू नका. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते, तेव्हा उतरताना मान खाली घालून पाहा. शिकाऱ्यात फोटोसाठी उभे राहू नका.

आता रंग चांगले येण्यासाठी दोन गोष्टी. पान पातळ असते, त्यामुळे सूर्य पानाच्या मागे असला की ते दिव्यासारखे पेटलेले दिसते. यासाठी सकाळी नऊपर्यंतचे किंवा दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन उत्तम. मोबाइलवर पानावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला की लाल रंग फिका पडत नाही. ढगाळ दिवशी निराश होऊ नका, जमिनीवरच्या पानांचा गालिचा तेव्हाच चांगला येतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोबाइल आतल्या खिशात ठेवा.

आणि पाने सगळ्यांना लालभडक दिसत असताना आपल्यालाच मळकी दिसत असतील तर दोष झाडाचा नसेल. मोतीबिंदू पिकू लागला की रंग मंद आणि पिवळट दिसतात. हजारो रुपये खर्चून रंग बघायला जाण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.

निघण्यापूर्वी

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळच्या बैसरन येथील हल्ल्यात महाराष्ट्रातील पर्यटकांनीही प्राण गमावले. त्यानंतर काही स्थळे बंद ठेवण्यात आली होती. कोणती ठिकाणे खुली आहेत आणि सरकारी सूचना काय आहेत, हे आरक्षणापूर्वी पाहून घ्यावे.

औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत आणि चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या सामानात टाकू नये, ते गोठले तर निकामी होते. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा. वाटेत शौचालय मिळणार नाही या भीतीने अनेक भगिनी पाणीच पीत नाहीत. मग डोकेदुखी होते, लघवीला जळजळ होते. पाणी पीत राहावे. तिथला कहवा जरूर घ्यावा. गुलाबी नून चहात मीठ असते, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी तो चवीपुरताच घ्यावा. पोहोचल्याचा पहिला दिवस मोकळा ठेवावा आणि गुलमर्ग शेवटाकडे घ्यावे.

जाता येत नसेल तर

प्रकृतीमुळे किंवा पैशांमुळे जाणे जमत नसेल तर खंत करू नये. आपल्या गावात शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारात देशी बदाम असतोच. हिवाळ्यात गळण्यापूर्वी त्याची पाने लाल होतात, आणि येता-जाता आपण ती झाडून टाकतो. सह्याद्रीत तर रंगांचा हंगाम उलटा आहे. काश्मीरचे पान जाताना लाल होते, आपल्या कुसुंबाचे येताना. फाल्गुनात कुसुंबाची कोवळी पालवी अशी तांबडी असते की दुरून फुलेच वाटावीत. पिंपळाची चैत्रपालवीही तांबूसच. कोवळ्या पानातला हा तांबडेपणाही त्याच लाल द्रव्याचा. तिथे धाप लागत नाही आणि दोरवाटेची रांगही नाही.

काश्मीरला जा किंवा कचेरीच्या आवारात जा, वीस मिनिटे एका झाडाखाली बसा. त्या वीस मिनिटांसाठी कोणाही डॉक्टरची परवानगी लागत नाही.