फळा, सूचना वही आणि भिंतीवरचा तक्ता: सेटिंग नेमकी कुणाची चालते?



उन्हाळ्यात आपल्याकडे जालन्यात सकाळची शाळा सुरू झाली की एखादं पोरगं हमखास विचारतं, "सर, तक्त्यावर तर जुनीच वेळ लिहिलीय, मग खरं कुठलं?" मोठ्या संगणक प्रणालींपुढेही हाच प्रश्न असतो.

मराठी विकिपीडियावर 'जालना' टाकून शोधलं की क्षणात यादी येते. हा शोध एकच संगणक घेत नाही. विकिपीडियाने त्यासाठी अनेक वर्षे इलास्टिकसर्च वापरलं. शे बॅनन यांनी ते २०१० मध्ये आणलं. त्यात माहितीचे तुकडे अनेक संगणकांवर ठेवतात आणि तुकड्याची प्रत दुसऱ्या संगणकावर असते. एक बंद पडला तरी काम चालतं.

या सगळ्यांना सूचना चार ठिकाणांहून मिळतात. सर्वात खाली कंपनीने ठरवलेली मूळ सेटिंग, म्हणजे छापील नमुना वेळापत्रक. त्यावर प्रत्येक संगणकातली स्वतःची फाइल, म्हणजे वर्गावर्गात चिकटवलेला तक्ता. त्याच्या वर कायम सेटिंग, म्हणजे शाळाभर फिरणारी सूचना वही. आणि सर्वात वर तात्पुरती सेटिंग, म्हणजे फळ्यावरची आजची सूचना. एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी वेगळं लिहिलं असेल, तर वरचं चालतं.

तक्ता वहीच्या खाली का? कारण तक्ते वेगवेगळे असू शकतात. पाचवीचा बदलला, सहावीचा राहिला, की गोंधळ. वही मात्र सगळ्यांना एकच. काही गोष्टी तरीही फाइलमध्येच लिहाव्या लागतात, उदाहरणार्थ माहिती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची. शाळेची इमारत काही फळ्यावर लिहून हलत नाही!

आता खरी अडचण बघा. दुरुस्तीसाठी संगणक बंद करण्याआधी, नव्या प्रती बनवणं थांबवतात. ते कायम सेटिंगमध्ये लिहिलं आणि काम झाल्यावर काढायचं राहिलं, तर प्रती बनतच नाहीत. प्रणालीचा रंग हिरव्याचा पिवळा होतो. शोध मात्र चालू असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नंतर दुसरा संगणक बिघडला आणि त्यातल्या तुकड्याची प्रतच नसली, तर रंग लाल. तेवढी माहिती शोधात सापडत नाही.

अशा वेळी माणूस फाइल दुरुस्त करत बसतो, पुन्हा पुन्हा सगळं बंद-चालू करतो. काहीच बदलत नाही. सगळे संगणक एकदम बंद करून चालू केले तर फळा पुसला जातो, वही नाही. (म्हणूनच एकदा बंद-चालू केल्यावर एखादी तात्पुरती सेटिंग गायबही होते. नव्या आवृत्त्यांत ती वापरू नका असंच सांगतात.)

यावर उपाय म्हणजे वहीतली ती ओळ रिकामी करणं. तिथे 'नल' लिहिलं की प्रणाली एक पायरी खाली उतरून फाइल बघते, तिथेही नसेल तर मूळ सेटिंग घेते. पण त्याआधी चालू सेटिंगची यादी मागवून बघावी. कायम आणि तात्पुरत्या सेटिंग तिच्यात वेगवेगळ्या दिसतात.