कापून घेतलेले ४९,६०० रुपये

सकाळी ७.१५

डिपॉझिटच्या भांडणातले मेसेज रात्री उशिरा येतात आणि मी ते सकाळी चहाबरोबर वाचते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पूर येतो. पुण्यात घरं रिकामी होतात महिनाअखेरीला, मालक 'दोन-चार दिवसांत पाठवतो' म्हणतो आणि पाच-सहा तारखेला पैशांच्या आधी हिशेबाचा कागद येतो.

आजचा कागद कोथरूडच्या टू बीएचकेचा. डिपॉझिट ७५,०००, परत आले २५,४००. मधले असे गेले: रंगकाम २८,०००, डीप क्लीनिंग ५,५००, नवीन गीझर ७,५००, ओट्याचं ग्रॅनाइट ६,०००, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस २,६००. खाली मालकांच्या अक्षरात एक ओळ: 'बाकी किरकोळ सोडून दिले आहे.' असा मोठेपणा जवळजवळ प्रत्येक हिशेबाच्या तळाशी असतो.

मुलगी आयटीत आहे, तीन वर्षं राहिली, भाडं कधी चुकवलं नाही. तिने विचारलंय, "मॅडम, पोलिसांत तक्रार देता येईल का?" देता येईल, पण चौकीत 'ही दिवाणी बाब आहे' एवढं ऐकून परत यावं लागेल, आणि ते चुकीचं सांगत नसतील. ग्राहक आयोगातही नुसत्या घरभाड्याच्या भांडणाला सहसा कोणी दारात उभं करत नाही. मी लिहिते: साडेबाराला या, तिन्ही करार आणा, आणि पहिल्या दिवशीचा एखादा फोटो असेल तर शोधा.

९.३०

करार ती आधीच पाठवून देते. अकरा-अकरा महिन्यांचे तीन, नोंदणी केलेले. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात खोटी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हल्ली एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्यामुळे नोंदणी सर्रास होते. करार वाचला मात्र जात नाही.

मी आधी शोधते ते रंगाचं कलम. पुण्यातल्या पुष्कळ करारांत 'घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगकामापोटी कापले जाईल' असं सरळ लिहिलेलं असतं. ते असलं की अशिलाला मी पहिल्याच भेटीत सांगते, की ही रक्कम बहुतेक गेली. इथे ते नाही. इथे आहे 'सर्वसाधारण वापरातील झीज वगळता झालेले नुकसान'. आजचा दिवस या एका ओळीवर उभा आहे.

१०.४५

शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय. एका दाव्यात पुढची तारीख.

१२.३०

ती येते, सोबत आई. आई नाशिकहून मुलीचं सामान लावायला आलेल्या आणि माझ्यापेक्षा जास्त चिडलेल्या. "काकांना दर दिवाळीला फराळ दिला हो हिने."

आम्ही एकेक ओळ घेतो. हे मी अशिलासमोर मोठ्याने वाचून करते, कारण माणसं सगळं मिळून भांडायला येतात आणि सगळं मिळून भांडलं की हरतात.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी सभासदाकडून घेते ते हे पैसे. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. राहणाऱ्याने भरावेत असं करारात नसेल तर तो मालकाचा खर्च. करारात नाही. खोडलं.

डीप क्लीनिंग. बिल नाही, तारीख नाही. घर झाडून-पुसून दिल्याचे फोटो तिच्याकडे आहेत. खोडलं.

गीझर. जुना किती वर्षांचा? "मी आले तेव्हाच पिवळा पडला होता." नवा घेतला आणि पूर्ण किंमत हिच्या खात्यावर टाकली. म्हणजे मालकांना हिच्या पैशाने नवी वस्तू मिळाली. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे: भिंतींना सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप, वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, बटणं, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. दुरुस्ती, बदली नव्हे. हा कायदा राज्याने स्वीकारला तरच लागू होतो आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे नोटिशीत मी त्याचा दाखला फार तर मापदंड म्हणून देते. त्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असंही आहे. मुंबईत किंवा बंगळुरूत हे वाचून दाखवलं तर लोक हसतात.

ग्रॅनाइट. इथे मुलगी गप्प होते. आई म्हणतात, "ओटा आधीपासूनच तसा असेल." मुलगी म्हणते, "नाही आई, कुकर पडला होता माझ्या हातून." मला असे अशील आवडतात. ग्रॅनाइटचं बिल आहे, दुकानाचा शिक्का आहे, सहा हजार देऊन टाकायचे. टीव्हीच्या ब्रॅकेटची भोकं आणि त्यावर लांबी भरणं, त्याचे आपणहून पंधराशे. खरं नुकसान आधीच मान्य केलं की बाकीच्या आकड्यांना धार येते, आणि समोरच्याला दुसरं बोट दाखवायला जागा उरत नाही.

राहिला रंग. अठ्ठावीस हजार, पूर्ण घर, बाल्कनीची जाळी धरून. पेंटरचा कागद म्हणजे लेटरहेडवरचं कोटेशन. त्यावरची तारीख हिने घर सोडण्याच्या दहा दिवस आधीची. तीन वर्षांत भिंतीचा रंग उतरतोच. माणूस राहिला म्हणून उतरतो आणि त्या राहण्याचंच तो दरमहा भाडं देतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यासाठी हाच विचार आहे: घर जसं मिळालं तसं परत द्यायचं, वाजवी झीज सोडून. लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे हे समोरचा वकील लगेच सांगेल. म्हणून करारातली ती ओळ महत्त्वाची.

"पण बेडरूमच्या भिंतीला पोपडे आलेत असं काका म्हणतात," आई.

"ते आधीच होते," मुलगी. आणि फोन पुढे करते. राहायला आली त्या दिवशी तिने आईला व्हिडिओ पाठवला होता. हे बघ किचन, हे बघ बाल्कनी, ही माझी खोली; आणि त्या खोलीच्या खिडकीखाली ओलीचा नकाशा स्पष्ट दिसतो. गीझरही दिसतो, पिवळा. गूगल फोटोजमध्ये मूळ फाइल तारखेसह आहे. ती पुसू नका, फोन विकू नका, असं मी दोनदा सांगते. कोर्टात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या कायद्याचं ६५-ब करत असे.

कायद्याची पुस्तकं कपाटभर आहेत, पण या भांडणांचा निकाल बहुधा पहिल्या दिवशी कोणी काय टिपून ठेवलं यावर लागतो. घरमालकांनाही हे लागू आहे. तेही टिपत नाहीत.

२.१०

डबा उघडताना वाकडहून फोन. एका तरुणाचा करार परवा संपला. "डिपॉझिट हातात पडल्याशिवाय चावी देत नाही, मॅडम. बरोबर ना?" चूक. मुदत संपल्यावर घर अडवलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट नुकसानभरपाई मागू शकतो. अडकलेले पैसे साठ हजार, आणि अडवण्याचा खर्च रोज वाढता. चावी द्या, पण ताबापावती घेऊन. मीटरचं रीडिंग, खोल्यांची स्थिती, चाव्या किती, दोघांच्या सह्या. मालक सही देत नसेल तर त्याच्यासमोर व्हिडिओ काढा आणि त्याच मिनिटाला त्याला पाठवा.

२.४५

नोटीस. तरुण वकील नोटिशीत कलमांची माळ घालतात. मी हिशेब घालते. मिळालेले २५,४००, मान्य वजावट ७,५००, येणे ४२,१००. प्रत्येक नाकारलेल्या ओळीपुढे एक वाक्य आणि एक पुरावा. मग पंधरा दिवसांची मुदत, आणि त्यानंतर व्याज मागू हे स्पष्ट. डिपॉझिटवर व्याज द्या असं भाडे नियंत्रण कायदा म्हणत नाही, पण थकलेल्या येण्यावर लेखी मागणीनंतरचं व्याज न्यायालय देऊ शकतं. म्हणून ती ओळ विसरायची नाही. शेवटी करार कायदा, १८७२ चं कलम ७४ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए हा निकाल: नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते झालं हे दाखवावं लागतं, नुसती रक्कम ठेवून घेता येत नाही. तो निकाल बयाण्याच्या रकमेचा आहे, भाड्याचा नाही. तरी तत्त्व तेच.

पोस्टात मुलगा पाठवते. मसुदा मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकते. पोचपावती फायलीसाठी, व्हॉट्सअ‍ॅप वाचण्यासाठी.

४.००

सदाशिव पेठेतले काका. हे मालक. यांच्या जागेत चार मुलं होती. दोन महिन्यांचं वीजबिल थकलेलं, आणि मीटर काकांच्या नावावर म्हणजे भरणार काका. बाथरूमचं दार खालून कुजवलेलं. शेवटचं भाडं 'डिपॉझिटमधून वळतं करा' म्हणून बुडवलेलं. खर्च डिपॉझिटच्या वर गेलाय. दिवसभर मी घरमालकांच्या विरोधात लिहिलं असलं तरी हा माणूस खरा आहे.

"काका, दार आधी कसं होतं याचा फोटो?"

"दाराचा फोटो कोण काढतो हो?"

वीजबिल आणि भाडं कागदावर आहे, ते वळतं होईल. दाराचं फक्त बिल आहे. मी सांगते, मुलांना ओळीनिहाय हिशेब आणि बिलं पाठवा, दाराचा अर्धा खर्च धरा. काका म्हणतात, "म्हणजे मीच सोडायचं?" अर्धं दार सोडायचं, हो.

५.३०

एजंटचा फोन, उद्याच्या नोंदणीसाठी. नवा मालक रंगाचं कलम घाला म्हणतोय. घाला, पण आकडा लिहा, आणि किती महिने राहिल्यास लागू ते लिहा. वस्तूंच्या यादीत गीझर, एसी, चिमणीपुढे खरेदीचं वर्ष टाका. "मॅडम, एवढं कोण टाइप करणार?" तूच, कमिशन घेतोस ना.

७.२०

कोथरूडच्या मालकांचा फोन. आवाजात दुखावलेपण. "मुलीसारखं वागवलं हो तिला, आणि वकिलाची नोटीस?"

"म्हणूनच कोर्टाआधी नोटीस पाठवली, काका. पेंटरच्या कोटेशनची तारीख बघा."

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. "ते एस्टिमेट होतं. काम नंतर झालं."

"मग कामाचं बिल द्या. आणि बेडरूमची ओल कराराच्या आधीची आहे, व्हिडिओ पाठवते."

नॉन-ऑक्युपन्सीचं ते लगेच सोडतात, क्लीनिंगचं कुरकुरत. गीझरवर अडतात. रंगावर 'अर्धं-अर्धं' म्हणतात. वीस हजारांनी सुरुवात, तीसवर थांबतात. एक गोष्ट त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही: दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, दावा निकाली निघायला त्याहून जास्त लागू शकतात, आणि बेचाळीस हजारांसाठी मुलगी किती रजा टाकेल. लहान रकमेच्या डिपॉझिटची कापाकापी चालते ती याच गणितावर.

त्यांना माहीत नसलेला एक रस्ता आहे. दावा न करताही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज देता येतो; लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिलेला मोफत विधी सहाय्य मिळतं, उत्पन्न कितीही असो. हे सांगताना मी 'महिलेला' आणि 'मोफत' यांच्यात किंचित थांबते. नोटिशीचा खर्च तिचा वाढणार नाही आणि तारखेला यायचं तुम्हालाही आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"तेहेतीस," काका म्हणतात. "आणि लिहून द्या, नंतर काही नाही म्हणून."

८.४०

मुलीला फोन. माझं मत स्पष्ट सांगते: रंगाचा एक रुपयाही देणं लागत नाही, गीझरच्या दुरुस्तीवर वाद होऊ शकतो, तेहेतीस वाईट नाही. मागून आईंचा आवाज, "बेचाळीसच घे." मुलगी विचारते, छत्तीसला येतील का? आले तर लेखी पावती, एकाच ट्रान्सफरने, शुक्रवारपर्यंत.

मी काकांना टाइप करते: ३६,०००, शुक्रवार, पूर्ण व अंतिम. दोन निळ्या खुणा उमटतात. मग उत्तर येतं: 'ग्रॅनाइटचं बिल तिला पाहिजे असेल तर पाठवतो. अकाउंट नंबर तोच ना?'