ओंजळीतील विमाने

छंद म्हटला की टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांवरील चित्रे हीच नावे आपल्यापुढे प्रथम उभी राहतात. लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती जमविणे हा त्या मानाने कमी परिचित छंद. पाहणाऱ्यास तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु या पोरखेळामागे एक गंभीर इतिहास आहे, आणि तो समजून घ्यावयाचा तर प्रतिकृती कोणत्या विमानाची आहे याइतकेच ती कशाची बनविली आहे हेही पाहावे लागते.

६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून जेमतेम तीन दिवस झाले होते. शत्रूची विमाने येत असल्याची चुकीची सूचना मिळाली आणि ब्रिटिश विमानांनी आकाशात झेप घेतली. स्पिटफायर विमानांच्या वैमानिकांनी आपल्याच हरिकेन विमानांना जर्मन समजून त्यांपैकी दोन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात प्राणास मुकला. ही घटना ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या उपरोधिक नावाने ओळखली जाते; उपरोधिक अशासाठी की त्या लढाईत शत्रू नव्हताच.

आकाशातील विमान आपले की परक्याचे हे क्षणात ओळखणे ही जीवनमरणाची विद्या आहे. नुसत्या चित्रावरून ती पुरी साधत नाही. कारण विमान कधी समोरून दिसते, कधी पोटाखालून, कधी तिरपे. म्हणून हातात धरून फिरविता येईल अशी प्रतिकृती हवी. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथील शिक्षण कार्यालयाच्या साह्याने शाळाशाळांतील विद्यार्थ्यांकडे ५० प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी १०,०००, म्हणजे एकूण ५,००,००० लाकडी प्रतिकृती मागितल्या. मुलांनी सुतारकामाच्या वर्गात ठोकळे तासून, घासून, काळा रंग देऊन त्या तयार केल्या. काळा रंग अशासाठी की दूरच्या विमानाचा रंग डोळ्यांस कळत नाही, कळते ती केवळ आकृती. प्रमाण ठरले १:७२, म्हणजे एका इंचास सहा फूट. अशी प्रतिकृती ३५ फुटांवर धरली की ती सुमारे २,५०० फुटांवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. वर्गाच्या खोलीतच आकाश निर्माण करण्याची ही युक्ती होती. हेच प्रमाण संग्राहकांत आजही लोकप्रिय आहे.

लाकडाचा गुण असा की ते नीट वाळलेले असेल आणि त्याची छिद्रे बुजवून रंग दिला असेल, तर प्रतिकृती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोष असा की पातळ कडा रेषेरेषेने तुटतात आणि प्रत्येक नग हाताने घडवावा लागतो. त्यामुळे ओळखीच्या प्रतिकृती पुढे सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या होऊ लागल्या. इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाचे, घरी जोडावयाचे संच १९३६ सालीच या प्लॅस्टिकमध्ये निघाले होते. नव्या पदार्थाचे सर्वांस कौतुक वाटले; पण काळाने त्याचा स्वभाव उघड केला. ॲसिटेट हळूहळू आक्रसते, पंख वाकडे होतात, आणि पदार्थ विघटित होऊ लागला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पेटी उघडताच हा वास आला तर जाणता संग्राहक ते विमान इतरांपासून दूर, हवेशीर जागी ठेवतो.

धातूचे दुखणे याहून निराळे. १९३० नंतरच्या दशकात ‘डिंकी’ खेळण्यांतील विमाने जस्ताच्या मिश्रधातूची ओतली जात. त्यात ॲल्युमिनिअम शेकडा चारच्या आसपास असते. ओतताना त्यात शिशाचा अल्पसा अंश मिसळला, तरी धातूच्या कणाकणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो. विमान फुगते, तडकते आणि अखेर त्याचा भुगा होतो. दमट हवेत हे लवकर घडते आणि त्यावर इलाज नाही. याला जस्ताची कीड म्हणतात; मात्र ही कीड एका विमानाची दुसऱ्यास लागत नाही.

आज घरोघरी जोडले जाणारे संच बहुतांशी पॉलिस्टायरीनचे असतात. ‘एअरफिक्स’ने १९५३ च्या सुमारास स्पिटफायरचा संच काढला तो याच पदार्थाचा. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरले जाते. जोडताना वापरावयाचा द्राव हा खरे पाहता डिंक नव्हेच. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. म्हणूनच तो जास्त झाला तर बारीक नक्षीही विरघळते. शिवाय साच्यातील भाग फार पातळ करता येत नाही. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर १:७२ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर होईल! कसबी माणूस ती कड पॉलिश कागदाने धीराने घासतो. उन्हात आणि उष्णतेजवळ मात्र हा पदार्थ ठेवू नये.

पोलादी साचे महाग, म्हणून ते दशकानुदशके वापरले जातात, विकलेही जातात. १९७० नंतरच्या दशकात ‘फ्रॉग’चे पुष्कळ साचे सोव्हिएत रशियात गेले, पण जर्मनी, जपान यांच्या विमानांचे साचे रशियास नको होते, ते ‘रेव्हेल’ या कंपनीकडे गेले. खेळण्याच्या साच्यातही महायुद्धाची आठवण जिवंत होती.

भारतीय संग्राहकास ‘नॅट’ विमान जिव्हाळ्याचे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात एकाकी लढून निर्मलजीतसिंग सेखों यांनी वीरमरण पत्करले ते याच विमानात. परंतु एअरफिक्सने १९६० नंतरच्या दशकात काढलेला नॅटचा संच दोन आसनांच्या प्रशिक्षण विमानाचा होता. त्या विमानाचा पंखविस्तार ७.३२ मीटर, तर लढाऊ नॅटचा ६.७३ मीटर. १:७२ मध्ये हा फरक जेमतेम आठ मिलिमीटरांचा. तेवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण नाव एक आणि आकृती दुसरी हीच तर ती चूक, जी टाळण्यासाठी शाळकरी मुलांनी पाच लाख ठोकळे तासावेत अशी मागणी झाली होती.

लढाऊ विमाने जमविणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि १:७२ या प्रमाणात सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. काचेच्या कपाटातील विमानाकडे पाहताना पंख आणि तोफा यांच्याबरोबर त्या एका इंचाकडेही ज्याचे लक्ष जाते, तोच खरा संग्राहक.