माडाला अडीचशे, पोफळीला पन्नास

16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. त्यानंतर मालगुंडच्या एका आगरात पंचनामा पाहायला मिळाला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघंही मास्क लावून आडव्या पडलेल्या माडांमधून वाट काढत होते. किती कोटी द्यायचे ते मुंबईत ठरतं. कुणाला किती, ते मात्र इथे चिखलात उभं राहून.

"भाऊसाहेब, तो विहिरीकडचा लिहिलात का?"

"तो उभा आहे काका."

"उभा कसला? शेंडा गेला म्हणजे माड गेलाच ना!"

तलाठ्यांनी कृषी सहायकाकडे पाहिलं. त्याने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "धरा." माडाला शेंडा एकच, तो मोडला की दुसरा फुटत नाही.

ही झाडांची मोजणी कोकणाला उशिरा मिळाली. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25. त्याच्या तेव्हाच्या निकषात फळबागेला हेक्टरी 18,000 रुपये होते, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि किमान 33 टक्के नुकसान असेल तर. 2020च्या निसर्ग वादळानंतर राज्याने पदरची भर घालून ते 50,000 केले. ऐकायला बरं वाटतं. पण इथली आगरं गुंठ्यांची. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला साधारण 500 रुपये, आणि एका गुंठ्यात माड, त्याखाली पोफळी, मध्ये केळी. ओरड झाली तेव्हा माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये असा झाडावर दर निघाला. तौक्तेलाही तोच लागू झाला. घरांना पडझडीच्या टक्क्यांवर. 15 टक्के मोडतोडीला 15,000. उडालेल्या कौलांचे टक्के कसे काढतात, ते काढणाऱ्यालाच ठाऊक.

खरी अडचण सातबाऱ्यावर. आगर कसणारा एक, नावं सात-आठ, त्यातली निम्मी माणसं मुंबईला आणि एखादी वारलेली. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र नसेल तर पैसे अडकतात, आणि लॉकडाऊनमध्ये संमती गोळा करायची कशी? काकांचे दोन पुतणे डोंबिवलीत. सह्यांचे कागद व्हॉट्सॲपवर येत होते, तलाठी मूळ प्रत मागत होते. यात तलाठ्यांचा दोष धरता येत नाही. उद्या हिशेब तपासला तर जाब त्यांनाच.

गावाला वाटतं की पैसा ग्रामपंचायतीत येतो आणि ती दाबून बसते. तेव्हा तो कोषागारातून तहसीलला आणि तिथून थेट बँक खात्यात जायचा. ग्रामपंचायतीच्या वाट्याला रस्त्यावरची झाडं आणि वीज नसताना नळपाण्याच्या पंपासाठी जनरेटर शोधणं. सरपंचाला शिव्या मात्र फुकट.

आडव्या माडाचे तुकडे करून आगर मोकळं करायला गडी लागतो. त्याची एका दिवसाची मजुरी अडीचशेच्या वर आहे आणि तिला पंचनाम्यात रकाना नाही. काकांनी सही केली आणि भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात रोपं कधी मिळतील, ते कृषी सहायकाला विचारून घेतलं.