मनाचें दुःख व वृद्धांचीं हाडें

हाड मोडतें तें केवळ पडल्यानें, असा सर्वसाधारण समज आहे. पण पडण्याचें मूळ कधीं कधीं मनांत असतें. जपानांत ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व त्सुनामी होऊन फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्र बिघडलें, आणि लाखाहून अधिक लोकांस घरदार सोडावें लागलें. त्यांत वृद्ध शेतकरी पुष्कळ होते. शेत सुटलें, त्याबरोबर रोजची मेहनत व ऊन हीं दोन्ही सुटलीं. भार न पडल्यास हाड विरळ होतें. स्नायु दुबळे झाले कीं तोल जातो. शोकानें भूक व झोंप उडते, आणि झोंपेच्या औषधानें पाय लटपटतो.

म्हणून आम्ही वाचकांस विनवितों कीं, आपत्तींतून वांचलेल्या वडीलधाऱ्यांस नुसतें बसवून ठेवूं नये; झेपेल तेवढें परसांतील काम द्यावें, दूध-डाळ खाऊं घालावी व त्यांचें दुःख ऐकून घ्यावें.