रुखवतातली सुई आणि अण्णांची टोपी

क्रोशाचे काम म्हटले की डोळ्यांपुढे पहिले उभे राहते ते रुखवत. दारावरचे तोरण, ताटावर झाकायचा जाळीदार रुमाल, लोडाचा अभ्रा, तांब्यावरचे मणी लावलेले झाकण! लग्नाच्या दिवशी बायका ते उचलून पाहतात, मागच्या गाठी कशा लपवल्या आहेत ते तपासतात, आणि दुसऱ्या दिवशी ते सारे ट्रंकेत जाते. माझ्या आईचे रुखवत डांबराच्या गोळ्यांच्या वासात अजून तसेच आहे. वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवायचे आणि पुन्हा घडी घालायची, एवढाच काय तो त्याचा उपयोग.

आमचे गाव निफाडच्या बाजूला. थंडीत तिथला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याचे वर्तमानपत्रांत अनेकदा छापून येते. शेतीपंपाची वीज आमच्या वाट्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते. त्यामुळे कांद्याला पाणी द्यायला अण्णांना रात्री एक-दोन वाजता मळ्यात जावे लागते. डोक्याला ते एक जुना टॉवेल गुंडाळतात. वाकून दारे धरताना तो सुटतो, आणि ओल्या, गारठलेल्या हातांनी पुन्हा बांधावा लागतो. बाजारातल्या दोन कानटोप्या घरात होत्या. एक कपाळाला काचायची, दुसरी डोळ्यांवर यायची. मागच्या हिवाळ्यात अण्णांचा कान आठ दिवस ठणकत होता, तेव्हा माझ्या मनात आले, की घरात क्रोशात तरबेज असलेली बाई आहे आणि घरधन्याचे कान मात्र उघडे! दिवाळीच्या सुट्टीत मी आईला म्हटले, "मला टोपी करायला शिकव." ती म्हणाली, "अगं, मला रुमाल येतो. टोपी मी कधी केली नाही. पण टाके तेच. बघू." त्या "बघू"मधून जे शिकले ते मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडते आहे. ज्याने आजवर सुई हातात धरलेली नाही, त्यालाही ही टोपी जमेल.

प्रथम कलेविषयी थोडे. 'क्रोशे' हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. आपण ज्याला क्रोशाची सुई म्हणतो ती खरे तर टोकाला आकडा असलेली काडीच. ही कला केवळ हौसेची आहे असे आपण मानतो, पण तिने माणसे जगवली आहेत. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या जोगिणींच्या मठांतून बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि तिच्या विक्रीवर कित्येक घरांची चूल पेटली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात बायका घरबसल्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. त्या बायकांच्या अपुऱ्या मजुरीवर मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1982 साली एक पुस्तकच लिहिले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन सुयांचे विणकाम यंत्रावर होते, परंतु खरे क्रोशाचे काम अद्याप हातानेच करावे लागते. दुकानात अगदी स्वस्तात क्रोशाचा कपडा दिसला, तर तो कोणाच्या तरी हातून टाका टाका करून गेलेला आहे, हे आठवावे.

आता साहित्य. आईची रुखवताची सुई पोलादी, दोऱ्याच्या कामाची, टाचणीहून थोडी जाड. ती लोकरीला चालत नाही. लोकरीसाठी 5 मिलिमीटरची सुई घ्यावी. आकडा सुईवर कोरलेला असतो. लोकर मध्यम जाडीची, 100 ग्रॅम पुरते. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळते ते बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. ते टोचत नाही आणि धुवायला सोपे, मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवली तर त्याचा ताण कायमचा जातो. खरी मेंढीची लोकर असेल तर ती गरम पाण्यात घालून चोळू नये, आटून घट्ट होते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी उत्तम होते, पण तिचा धागा जाडाभरडा, कपाळाला टोचणारा. आईने तपकिरी रंग निवडला, कारण मळ्यातला चिखल त्यावर उठून दिसत नाही. याखेरीज कात्री, मोजपट्टी, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि दोन सेफ्टी पिना हव्यात.

टोपी पट्ट्यापट्ट्यांचीच का, असे मी विचारले होते. उत्तर अण्णांच्या दोन कानटोप्यांत होते. सपाट वीण फारशी ताणत नाही, त्यामुळे माप चुकले की टोपी एक तर काचते, नाही तर घसरते. पट्ट्यांची वीण भात्यासारखी असते. ती डोक्यावर उघडते, आणि पुन्हा मिटू पाहते म्हणून कानांना धरून बसते. शिवाय पट्ट्यांच्या खाचांत हवा अडकून राहते, आणि ऊब धरून ठेवते ती ही अडकलेली हवाच. जाता जाता एक गैरसमज दूर करते. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे म्हणतात, ते खरे नाही. उघड्या डोक्यातून जाते ती साधारण त्याच्या आकाराच्या मानाने. कान मात्र पातळ आणि बिनमांसाचे, म्हणून ते आधी गारठतात.

ही टोपी गोल विणायची नाही. एक लांबट चौकोन विणायचा, त्याची दोन टोके जोडून नळकांडे करायचे आणि वरचे तोंड आवळायचे. विणताना ओळी आडव्या दिसतात. टोपी झाली की त्याच उभ्या पट्ट्या होतात. चौकोनाची रुंदी म्हणजे टोपीची उंची, आणि लांबी म्हणजे डोक्याचा घेर. हे एकदा डोक्यात बसले की पुढचे सोपे.

सुरगाठ घालून ती सुईवर घ्या. लोकर सुईवरून घेऊन गाठीतून ओढली की एक साखळी होते. अशा 36 साखळ्या घाला, पण सैल हाताने. पहिली रांग घट्ट झाली तर टोपीचा एक काठ चुण्या पडून आखडतो.

आता अर्धा खांब. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या. सुईजवळची पहिली साखळी सोडून दुसरीत सुई घाला आणि लोकर ओढून बाहेर काढा. सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा लोकर घेऊन ती तिन्ही फासांतून एकदम ओढा. झाला अर्धा खांब. असे शेवटपर्यंत केले की 35 खांब होतात. पुस्तकावरून शिकणाऱ्यांनी सावध राहावे: ब्रिटिश पुस्तकात याला 'हाफ ट्रेबल' म्हणतात, तर अमेरिकन पुस्तकात 'हाफ डबल'. नावे वेगळी, टाका एकच.

ओळ संपली की एक साखळी घालून काम उलटवा. ही साखळी खांब म्हणून मोजायची नाही. आता खांबांच्या माथ्याकडे वरून पाहा. तिथे वेणीसारखे दोन-दोन पदर दिसतात. एक आपल्याकडचा, दुसरा पलीकडचा. सुई फक्त पलीकडच्या पदराखालून घाला आणि अर्धा खांब करा. अलीकडचा पदर मोकळा राहतो, आणि त्याचीच उठावदार रेघ होते. सगळी पट्टीची वीण एवढ्यातच आहे. अर्ध्या खांबाच्या पाठीवर किंचित खाली एक तिसरा पदरही दिसतो. मी दोन दिवस तोच घेत होते, आणि माझी वीण आईच्या विणीसारखी का दिसत नाही म्हणून कुढत होते. तो घेऊ नये. वेणीचे दोन पदर आधी ओळखावेत, मगच सुई घालावी.

याच रीतीने ओळीमागून ओळ विणत जायचे. डोक्याचा घेर कपाळावरून आणि कानांवरून मोजा. अण्णांचा भरला 57 सेंटिमीटर. त्यातून पाच-सहा सेंटिमीटर वजा करायचे, कारण वीण ताणते. मी 51 सेंटिमीटर धरले. त्याला माझ्या हाताने 58 ओळी लागल्या. तुमचा हात सैल असेल तर कमी लागतील, घट्ट असेल तर जास्त. ओळींच्या आकड्यावर नव्हे, मोजपट्टीवर विश्वास ठेवा. ओळींची संख्या मात्र सम असावी, म्हणजे जोडावर पट्ट्या नीट जुळतात.

माझी फजिती आता सांगते, कारण ती नवशिक्या प्रत्येकाची होते. वीस ओळी झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने काम आईपुढे धरले. चौकोन कसला, ती पतंगाची शेपटी होती! मोजले तर 35 चे 27 खांब उरलेले. ओळीचा शेवटचा खांब कडेला आत वळून बसतो आणि दिसत नाही. तो माझ्याकडून वारंवार सुटला होता. मी म्हटले, "राहू दे, टोपी घातल्यावर कोणाला कळणार आहे?" आई म्हणाली, "कळायचं सोड. जो टाका या ओळीत नाही, तो पुढच्या ओळीला कुठून मिळणार?" आणि तिने सुई काढून लोकरीचे टोक ओढले. तीन संध्याकाळचे काम मिनिटभरात सरसर उसवून तिच्या मांडीवर लोकरीचा ढीग झाला. मला रडूच आले. ती शांतपणे गुंडा करीत राहिली.

पुढे मला उमगले, की क्रोशाची खरी सोय हीच आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर साठ-सत्तर टाके जिवंत असतात. एक निसटला की तो खाली धावत जातो, आणि नवशिक्याची छाती धडधडते. क्रोशात कोणत्याही क्षणी जिवंत फास एकच असतो. चुकलेल्या जागेपर्यंत उसवा, तो फास सुईवर घ्या आणि पुढे चला. लोकर तितकीच राहते, जाते ती फक्त आपली संध्याकाळ. म्हणून उसवण्याची लाज किंवा भीती बाळगू नये. तशी वेळच येऊ नये यासाठी उपाय असा: प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात सेफ्टी पीन अडकवावी आणि ओळ संपताच 35 मोजावेत. कंटाळवाणे आहे, पण अचूक आहे.

लांबी पुरी झाली की चौकोनाची घडी घाला. शेवटच्या ओळीचा एक टाका आणि समोरच्या पहिल्या साखळीचे घर यांतून सुई घालून लोकर ओढा, आणि तीच सुईवरच्या फासातूनही काढा. असे काठभर केले की जोड पक्का होतो. मग हातभर लोकर ठेवून कापा. ती बोथट सुईत ओवून एका तोंडाच्या काठाने प्रत्येक पट्टीत एक टाका घेत गोल फिरा आणि आवळा. एकदम हिसका दिला तर लोकर तुटते. थोडे थोडे ओढावे. मधले भोक आडवे-उभे टाके घालून बुजवा, गाठ मारा, आणि उरलेले टोक आतल्या बाजूने दोन-तीन पट्ट्यांत फिरवून लपवा. टोपी उलटी करून सुलट काढा. खालचा काठ पाच सेंटिमीटर बाहेर दुमडला की कानांवर दुहेरी वीण येते. झाली टोपी. पहिली तीन संध्याकाळ वाया गेली ती सोडून मला आठ संध्याकाळी लागल्या.

अण्णांनी ती घातली तेव्हा कौतुकाचा शब्द काही निघाला नाही. त्या रात्री बॅटरी आणि फावडे घेऊन ते मळ्यात गेले, आणि सकाळी परत आले तेव्हा टॉवेल खांद्यावर होता. चहा पिता पिता म्हणाले, "पलीकडच्या मळ्यातले काका पण रात्रीच दारे धरतात. त्यांना एक होईल का?"

मी काही बोलायच्या आत आईने विचारले, "त्यांच्या डोक्याचं माप आणलंय का?" उरलेली लोकर ट्रंकेवर पडली होती. तिने ती उचलली, वजनाला पुरेल की नाही याचा हातानेच अंदाज घेतला, आणि माझी 5 मिलिमीटरची सुई मागून घेतली.