छोट्या व्यवसायाची वही आणि संगणक

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण मुलांना शिकवितो. परंतु व्यवसायात पडल्यावर आपले अंथरूण केवढे आहे, हेच पुष्कळांस ठाऊक नसते. दुकान चालते, गिऱ्हाईक येते, गल्ल्यात पैसा दिसतो. पण वर्षाअखेर नफा किती, उधारी किती अडकली आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे किती, असे विचारले तर उत्तर अंदाजाने मिळते. अशा वेळी कोणी तरी सुचवितो, "संगणकात सॉफ्टवेअर घाला, सारे आपोआप होईल." मग पुढचा प्रश्न येतो, "सर्वांत स्वस्त कोणते?" प्रश्न रास्त आहे, परंतु आमच्या मते तो शेवटी विचारावयाचा आहे. त्याआधीचे प्रश्न विचारले नाहीत, तर फुकट मिळालेले सॉफ्टवेअरही महाग पडते.

1494 साली व्हेनिस येथे लुका पाचोली ह्या फ्रान्सिस्कन संन्याशाचा गणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला. जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद करण्याची पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरीत होते. परंतु छापील ग्रंथातून ती सविस्तर समजावून सांगितल्यामुळे ती सर्वत्र पसरली. त्याने तीन वह्या सांगितल्या: घडेल तसे टिपून ठेवण्याची कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी. आजचे सॉफ्टवेअर ह्याच वह्या एका पेटीत बसविते. बेरीज ते करील, खतावणी ते भरील. परंतु दिवसभरात जे घडले ते टिपण्याचे काम माणसाचेच राहते. म्हणून पहिला प्रश्न असा की, आपल्या घरी रोज नोंद कोण करणार? हे ठरले नसेल, तर दोन महिने साध्या वहीवर सराव करावा आणि मगच संगणकाकडे वळावे.

दुसरा प्रश्न आपल्या धंद्याच्या स्वरूपाचा. अफजलपूर तालुक्याचे उदाहरण घेऊ. भीमेच्या काठचा हा तालुका कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात मोडतो. परंतु महाराष्ट्रातील अक्कलकोट आणि सोलापूर येथील बाजारपेठा जवळच आहेत. समजा, येथील एक कुटुंब तूरडाळीचा लहानसा व्यापार करते. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मालाला नाव आहे. हे कुटुंब कलबुर्गीच्या दुकानदाराला करपात्र माल विकते तेव्हा बिलावर केंद्राचा आणि राज्याचा असा दोन भागांत जीएसटी लागतो. तोच माल अक्कलकोटच्या दुकानदाराला पाठविला, तर एकत्रित आंतरराज्य कर लागतो. कर्नाटकाच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 29 ने होते आणि महाराष्ट्राच्या 27 ने. चांगले सॉफ्टवेअर हे आकडे पाहून योग्य कर स्वतः लावते.

सीमेवरच्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वस्तूंच्या व्यापारात वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असल्यास साधारणतः नोंदणी लागत नाही, असे सांगितले जाते. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्यास ही सवलत नाही; त्याला नोंदणी करावीच लागते. शिवाय ठोक दराने कर भरण्याची जी कंपोझिशन योजना आहे, तीत राहून परराज्यात माल विकता येत नाही. ही चूक कोणतेही सॉफ्टवेअर सुधारून देणार नाही. आधी आपल्या सीएला विचारून घ्यावे.

डाळीचेच पाहा. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या पिशवीतील डाळीवर 5 टक्के कर लागू झाला. सुटी डाळ मात्र करमुक्त राहिली. म्हणजे एकाच कोठारातील एकाच डाळीचे हिशेबात दोन माल झाले. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर देशभर बदलले आणि असंख्य वस्तूंचे आकडे एका दिवसात नवे झाले. तेव्हा विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यास विचारावे: "दर बदलले की आपले सॉफ्टवेअर कोण सुधारणार, किती दिवसांत, आणि त्याचे वेगळे पैसे घेणार काय?"

आता किंमत. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. पहिली, परवाना विकत घेऊन आपल्याच संगणकावर चालविण्याची. 1986 साली श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी बेंगळुरू येथे सुरू केलेली टॅली ह्या तऱ्हेत सर्वांच्या परिचयाची आहे. इंटरनेट बंद असतानाही तीत रोजचे काम चालते. दुसरी, वर्गणी भरून इंटरनेटवरून वापरण्याची. चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो बुक्स हे त्याचे उदाहरण. तिसरी, मुक्त सॉफ्टवेअरची. मुंबईच्या फ्रापे ह्या संस्थेचे ईआरपीनेक्स्ट असे आहे. ते कोणालाही विनामूल्य घेता येते. परंतु ते बसविणारा आणि सांभाळणारा जाणकार लागतो, आणि त्याची मजुरी फुकट नसते.

म्हणून तुलना पहिल्या वर्षाची न करता पाच वर्षांची करावी. समजा, एकाची वर्गणी वर्षाला 5,000 रुपये आहे आणि दुसऱ्याचा परवाना एकदाच 20,000 रुपयांस मिळतो. पहिल्या वर्षी वर्गणी स्वस्त दिसते. पाच वर्षांत तिचे 25,000 रुपये होतात. परंतु परवान्यावर सुधारणांसाठी दरवर्षी वेगळा आकार असेल, तर हिशेब पुन्हा उलटतो. ह्यात शिकविण्याचा खर्च, छपाईयंत्र आणि वीज गेल्यावर लागणारी बॅटरी हेही धरावे.

शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आपला हिशेब आपल्या हाती राहतो काय? विक्रेत्याच्या समोर बसून सर्व गिऱ्हाइकांची, मालाची आणि येणे-देण्याची यादी एक्सेलमध्ये काढून दाखविण्यास सांगावे. ती काढता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. उद्या वर्गणी थांबली किंवा विक्रेता गावातून गेला, तर कुटुंबाची वर्षानुवर्षांची उधारी त्याच्याबरोबर जाईल. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. दर आठवड्यास एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी. परवलीचा शब्द एकाच माणसापाशी नसावा. पत्नीस अथवा भागीदार भावासही तो ठाऊक असावा. धनी आजारी पडला आणि पेटी उघडेना, असा प्रसंग कोणावर येऊ नये.

ज्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल त्यांनी एवढे जाणावे की, 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहणे आवश्यक आहे आणि ती सोय बंद करता येत नाही. साध्या दुकानास हा नियम लागू नाही. तरीही भावाभावांच्या भागीदारीत अशी नोंद मोठी उपकारक ठरते. कोणी, केव्हा आकडा बदलला हे सर्वांस दिसत असेल, तर संशयाला जागा उरत नाही आणि घर एकत्र राहते.

तेव्हा वाचकहो, जाहिरात पाहून पैसे मोजू नका. महिनाभर फुकट वापरून पाहण्याची सोय मागा, आपली खरी बिले त्यात भरा, आणि ज्याला रोज नोंद करावयाची आहे त्याचे मत घ्या. त्याला जे सुलभ वाटेल आणि ज्यातून आपला हिशेब केव्हाही बाहेर काढता येईल, तेच आपल्या अंथरुणाच्या मापाचे समजावे.